त्या मुलीचे पैसे गेले कुठे?

संपादकांचं पहिलं पत्र मी उभ्या उभ्याच वाचायला घेतलं आणि तिसऱ्या पानावर खुर्ची ओढून बसले. अकरा पानांचं पत्र. माझ्या एकाही वाक्याला त्यात हात लावलेला नव्हता, ऱ्हस्व-दीर्घाचा विषयही नव्हता. कौतुक दोन ओळींत आटोपलेलं, बाकी सगळे प्रश्न. मोजले तर चौतीस भरले. त्यातला सतरावा असा होता : ‘पान ६१वर ही मुलगी परीक्षेची फी मावशीच्या हातात देते. पान १४०वर कळतं, की ती परीक्षेला बसलीच नाही. मधले पैसे गेले कुठे?’

मला वाटलं, किरकोळ आहे. एखादं वाक्य घातलं की मिटेल. ते वाक्य सापडायला मला सात महिने लागले.

कादंबरी एका टायपिंग क्लासची. मावशी क्लास चालवते, आईवेगळी भाची तिच्याकडे वाढते आणि मोठेपणी तीच हे सगळं सांगते. सतराव्या प्रश्नातली मुलगी वेगळी, क्लासातली विद्यार्थिनी. मशीनच्या खडखडाटात गृहपाठ करणारी मुलगी, रिबनच्या शाईनं काळी झालेली बोटं, ओळ संपत आली की वाजणारी घंटी, आणि मग एकेक मशीन कमी होत होत शेवटी कोपऱ्यातल्या टेबलावर येऊन बसलेला कॉम्प्युटर. हे जग मी जवळून पाहिलंय. माझी सख्खी मावशी असाच क्लास चालवायची. नोकरी सांभाळून, पहाटे उठून मी पाच वर्षं ही कादंबरी लिहिली. १ लाख १२ हजार शब्द झाले. प्रकाशनसंस्थेचा होकार आला, त्यात एक अट होती : संहितेवर संपादकीय काम करावं लागेल. मी लगेच हो म्हटलं. संपादन म्हणजे कुणीतरी शुद्धलेखन तपासणार, लांबलेली दोन-चार वर्णनं कापणार, एखाद्या प्रकरणाचं नाव बदलायला सांगणार, एवढीच माझी समजूत होती.

माझं काम ज्यांच्याकडे होतं त्यांना सगळे ताई म्हणत, मीही ताईच म्हणू लागले. पत्र वाचून मी त्यांना फोन केला आणि पहिला प्रश्न विचारला, की दुरुस्त्या फाइलमध्येच करू की वेगळ्या लिहून पाठवू? त्या म्हणाल्या, “एवढ्यात काहीच करू नका. भिंत ठेवायची की पाडायची ते ठरलं नाही, तर रंग कसला लावताय? तीन आठवडे फाइल उघडू नका. प्रश्न मात्र रोज वाचा.”

हे पाळणं किती अवघड असतं, ते ज्यांनी पाळलंय त्यांनाच माहीत. पहिला आठवडा मी रागातच काढला. पाच वर्षं जिच्याबरोबर राहिले, त्या कादंबरीबद्दल कुणी पंधरा दिवसांत वाचून चौतीस प्रश्न काढावेत, हे मला सहन होत नव्हतं. एक लांबलचक मेलही लिहून ठेवली होती. पाठवली नाही. दुसऱ्या आठवड्यात काही प्रश्न मला पटायला लागले. तिसऱ्या आठवड्यात असं लक्षात आलं, की बहुतेक प्रश्नांची उत्तरं मला ठाऊक आहेत, मी ती फक्त कागदावर आणलेली नाहीत. मावशीनं लग्न का केलं नाही, भाची तिला ‘मावशी’ऐवजी मधूनच ‘बाई’ का म्हणते, मशीन दुरुस्त करणारा माणूस दर महिन्याला काम नसतानाही का येतो, हे सगळं माझ्या डोक्यात होतं. वाचकाच्या हातात ते गेलंय असं मी धरून चालले होते. सतराव्या प्रश्नाचं तसं नव्हतं. त्याचं उत्तर माझ्या डोक्यातही नव्हतं.

आपल्याकडे अशा पत्रांची जुनी परंपरा आहे. ‘सत्यकथा’ मासिक १९८२ साली बंद पडलं, तरी त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांशी केलेल्या पत्रव्यवहाराबद्दल आजही आदरानं बोललं जातं. कथेत कुठे काय कमी पडतंय ते लेखकाला सविस्तर कळवायचं आणि लिहायचं मात्र त्यालाच ठेवायचं, ही ती रीत. मी याबद्दल वाचलं होतं. तसं पत्र स्वतःच्या नावावर आलं की कसं वाटतं, हे आता कळत होतं.

पहिल्या फेरीत मी बत्तीस प्रश्नांवर काम केलं. सतराव्याला एक सरळ उत्तर दिलं : परीक्षेच्या कार्यालयात अर्ज गहाळ झाला. ताईंनी वाचून कळवलं, ‘मग मावशी भांडायला का जात नाही? पान ३०वर ती एका गुणासाठी दोनदा कार्यालयात गेलीय.’ बरोबर होतं. माझी मावशी गप्प बसणारी नव्हती. दुसऱ्यांदा मी तिला आजारी पाडलं. अर्ज भरायच्या आठवड्यात तिला ताप, शुद्ध नाही, मुदत टळली. यावर त्यांचा फोन आला.

“चालेल. तर्काला धरून आहे,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “पण मग पान १४० ते १४४ इतकी सुंदर का आहेत?”

मला समजेना. सुंदर असण्यात वाईट काय? त्या म्हणाल्या, मी पानं पाठवते, बघा.

दोन दिवसांनी पाकीट आलं. त्यात माझ्या कादंबरीची सतरा छापील पानं होती. बारा पानं सुरुवातीची, क्लासच्या रोजच्या कामाची. पाच पानं ती, १४० ते १४४. ताईंनी एकच गोष्ट केली होती. जिथे जिथे ‘जणू’, ‘सारखा’, ‘प्रमाणे’, ‘भासलं’ असं काही येतं, तिथे पेन्सिलीनं बारीक रेघ ओढली होती. पहिल्या बारा पानांत मिळून तीन रेघा. पुढच्या पाच पानांत एकोणीस. १४१व्या पानावर माझं वाक्य होतं : ‘पावसाच्या धारा म्हणजे जणू आभाळानं सोडलेले रेशमी धागे, आणि त्या धाग्यांच्या पडद्याआड मावशीचं दुःख एखाद्या थकल्या पाखरासारखं पंख मिटून बसलं होतं.’ समासात पेन्सिलीत चारच शब्द : ‘मावशीला दुःख नेमकं कशाचं?’

ते वाक्य मला फार आवडायचं. घरी वाचूनही दाखवलं होतं. त्या दिवशी ते हातात धरून बसले तेव्हा मात्र त्यात काहीच सापडेना. कसलं दुःख? एका विद्यार्थिनीचा अर्ज गहाळ झाला म्हणून? तापामुळे मुदत टळली म्हणून? मावशीसारखी बाई त्यावर हळहळली असती, दुसऱ्या दिवशी पुढच्या परीक्षेचा अर्ज आणून दिला असता आणि कामाला लागली असती. पाच पानं खिडकीत बसून पाऊस बघत राहिली नसती. मी तिला तिथे बसवलं होतं, कारण तिथे काहीतरी घडलं होतं हे मला जाणवत होतं आणि ते काय, हे मला बघायचं नव्हतं. म्हणून पाऊस आणला होता.

याच सुमारास एक जुना पत्रव्यवहार माझ्या वाचनात आला. १९२४च्या नोव्हेंबरात अमेरिकी संपादक मॅक्सवेल पर्किन्स यांनी एफ. स्कॉट फिट्झजेराल्डला त्याच्या नव्या कादंबरीच्या, म्हणजे ‘द ग्रेट गॅट्सबी’च्या हस्तलिखिताबद्दल लिहिलं होतं, की नायक गॅट्सबी धूसर वाटतो, वाचकाची नजर त्याच्यावर ठरत नाही, आणि त्याच्याकडे पैसा कुठून आला हेही कळायला हवं. फिट्झजेराल्डनं उत्तरात कबूलच केलं : गॅट्सबी दिसतो कसा आणि करतो काय, हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं आणि ते तुम्हाला जाणवलं. पुढे त्यानं छपाईच्या मुद्रितांवरही, म्हणजे प्रुफांवरही, खूप काम केलं आणि एप्रिल १९२५मध्ये पुस्तक आलं. तो कबुलीचा मजकूर मी तीन-चारदा वाचला. एवढा मोठा लेखकही स्वतःच्या मुख्य पात्राबद्दल अंधारात असू शकतो, यानं मला धीर आला. तिथेही पैशाचाच प्रश्न होता, हेही मनात घर करून राहिलं.

मी ताईंना फोन करून सांगितलं, मला खरंच माहीत नाही पैसे कुठे गेले.

“तुमच्या कादंबरीतल्या मावशीला कोपरावर रफू केलेला राखाडी स्वेटर आहे,” त्या म्हणाल्या. “चष्म्याच्या दांडीला दोरा गुंडाळलेला आहे. हे तुम्ही कुठून आणलंत?”

“माझ्या मावशीचं आहे ते.”

“तुमच्या मावशीनं कधी कुणाचे पैसे घेतले होते?”

“नाही हो! कधीच नाही.”

“मला ते माहीत असायचं कारण नाही, आणि वाचकालाही नाही. पण तुम्ही या बाईला तुमच्या मावशीचा स्वेटर घातलात, आणि त्या दिवसापासून तिला कुठे हात लावायला तयार नाही.”

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून होते. माझी मावशी जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. ही कादंबरी मी तिच्यासाठी लिहिली होती, पहिल्या पानावर तिचं नाव घालायचं ठरलं होतं. त्या नावाखाली एक अशी बाई उभी करायची, जिनं गरीब मुलीची फी खाल्ली? घरातले काय म्हणतील, तिच्याकडे शिकलेल्या मुली काय म्हणतील, आणि मला स्वतःला ते लिहिताना काय होईल?

पुढचे दोन महिने मी बाकीची कामं केली. सुरुवातीची अठरा पानं काढून टाकली. त्यात मावशीच्या माहेरची तीन पिढ्यांची हकिगत होती. ती मला माहीत असणं गरजेचं होतं, वाचकाला तिचा काही उपयोग नव्हता. प्रकरणांचा क्रम बदलला. मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाचं प्रकरण बावीस पानांचं होतं, ते ताईंच्या मते पूर्ण जायला हवं होतं. तिथे मी अडून बसले. क्लास बंद पडत चाललाय हे मावशीच्या आधी त्याला कळतं, कारण कुठल्या क्लासातून किती मशीन भंगारात गेली याचा हिशेब त्याच्या वहीत असतो. ते प्रकरण काढलं, तर शेवट आभाळातून पडल्यासारखा येईल, असं मी लिहून कळवलं. ताईंनी उत्तर दिलं : ‘पटलं. मग वही ठेवा, बाकीचं बघा.’ बावीस पानांची नऊ झाली. संपादकाचं सगळंच ऐकायचं नसतं. पण ‘मला आवडतं’ हे कारण तिथे चालत नाही, ते प्रकरण काय काम करतंय हे सांगता यावं लागतं.

आणि मग एका पहाटे मी पान १४० उघडलं, पाऊस काढून टाकला आणि मावशीला खिडकीतून उठवून टेबलापाशी आणलं. ड्रॉवर उघडायला लावला. कार्बन पेपरच्या खोक्याखाली त्या मुलीनं दिलेलं पाकीट होतं, वर तिच्याच अक्षरात तिचं नाव. त्याच आठवड्यात भाचीची कॉलेजची फी भरायची शेवटची तारीख होती. हे मी आधीच लिहून ठेवलेलं होतं, पान १३२वर, दुसऱ्याच कुठल्या तरी संदर्भात. दोन्ही तारखा पाच वर्षं एकमेकींच्या शेजारी पडून होत्या. मी त्या जोडल्या नव्हत्या. मावशीनं पैसे मोजले, पाकीट परत खोक्याखाली सरकवलं आणि पदरानं चष्मा पुसला. भाची दारात उभी होती. तिनं पाहिलं.

ते भाचीनं पाहिलेलं असणं माझं मलाच अनपेक्षित होतं. आधीच्या खर्ड्यात तिला काहीच ठाऊक नव्हतं. आता तिला सगळं ठाऊक होतं, त्या पैशांवर ती शिकली होती, आणि तरीही ही सगळी गोष्ट ती मावशीच्या कौतुकानं सांगत होती. एका प्रसंगानं कादंबरीचं पहिलं पानही बदललं, कारण सांगणारीच बदलली. नऊशे शब्द एका बैठकीत झाले. संपल्यावर मी शोधून पाहिलं, त्यात एकही ‘जणू’ नव्हता.

ताईंचं उत्तर त्या रात्रीच आलं : ‘पैसे सापडले.’

त्यानंतरचं काम वाक्यांचं. आता फाइलमध्ये ट्रॅक चेंजेस, म्हणजे प्रत्येक बदलाची दिसणारी खूण, सुरू झाले. पहिलं प्रकरण परत आलं तेव्हा एका पानावर तेवीस ठिकाणी पिवळा रंग होता. सगळे ‘होता-होती-होतं’. ‘मावशी आली होती. तिनं कडी काढली होती. मुली उठून उभ्या राहिल्या होत्या.’ मी अख्खी कादंबरी अशीच लिहिली होती, आठवण सांगायची म्हणजे ‘होतं’ लावायचं अशी हाताला सवय. ताईंनी समासात विचारलं होतं, हे रोज घडायचं की एकदाच घडलं? रोजचं असेल तर मराठीत त्यासाठी वेगळं रूप आहे, ते का वापरत नाही? मग मी बदलून पाहिलं : ‘मावशी येई. कडी काढी. मुली उठून उभ्या राहत.’ तीन वाक्यांत वर्षंच्या वर्षं आली. सुरुवातीला मला ही रूपं जुनाट वाटली, सगळीकडे ती शोभतही नाहीत. ओळीनं पाच-सहा आली की कीर्तन ऐकल्यासारखं होतं. तिथे मी ‘यायची’, ‘काढायची’ केलं. पण रोजचं सगळं या दोन रूपांत ठेवल्यावर त्या एका दिवसासाठी साधा भूतकाळ मोकळा राहिला. ‘मावशीनं ड्रॉवर ओढला. पाकीट काढलं.’ हे आयुष्यात एकदाच घडलं, ते न सांगता कळायला लागलं. व्याकरणाच्या पुस्तकात शाळेत शिकलेला रीतिभूतकाळ मला इतक्या वर्षांनी तिथे भेटला.

‘एक’चंही असंच. ‘एका मोठ्या खोलीत एका रांगेत एक डझन मशीन होती.’ पहिले दोन ‘एक’ काढले, वाक्याला काहीही झालं नाही. माझी पात्रं कधी नुसतं ‘म्हणत’ नसत. ती उद्गारायची, पुटपुटायची, कळवळून सांगायची. ताईंनी बहुतेक ठिकाणी ‘म्हणाली’ सुचवलं आणि बऱ्याच ठिकाणी तेही काढलं, बोलणारी कोण हे बोलण्यावरून कळत होतं म्हणून. ‘तिच्या लक्षात आलं की’, ‘तिला जाणवलं की’ यांचं पीक तर प्रत्येक पानावर होतं. गोष्ट तीच सांगतेय, मग वेगळं कुणाच्या लक्षात येणार?

यासोबत ताई एक वेगळी यादी ठेवत होत्या. कोण कितव्या वर्षी किती वर्षांचं, कुणाच्या कुठल्या हातावर भाजल्याचा डाग, क्लासला खिडक्या किती, कुठला शब्द कसा लिहायचा. दुसऱ्या फेरीत ती यादी त्यांनी मला दिली आणि पुढची भर मी घालत गेले. त्यातून सापडलेली एक चूक अजून अंगावर येते. सातव्या प्रकरणात वीज जाते, मुली मेणबत्तीच्या उजेडात टाइप करत राहतात, आणि पुढच्याच परिच्छेदात डोक्यावरच्या पंख्यानं कागद उडतात. हे पान मी किमान तीसदा वाचलं होतं. घरातल्या तिघांनी वाचलं होतं. स्वतःचं लेखन वाचताना डोळा कागदावर नसतो, मनात जे आहे तेच दिसत राहतं. तेव्हापासून मी प्रत्येक प्रकरण छापून, मोठ्यानं वाचते. फाँट बदलून छापलं तर आणखी बरं, पान अनोळखी होतं.

चार फेऱ्या झाल्या. १ लाख १२ हजारांचे ८६ हजार शब्द राहिले.

मुद्रितं आली तेव्हा मला वाटलं, आता काही उरलं नाही. उघडली तर मजकूर एका फाँटमधून दुसऱ्यात जाताना जागोजागी फुटलेला. ‘वाऱ्यावर’, ‘दुसऱ्या’, ‘पायऱ्या’, जिथे जिथे ‘ऱ्या’ तिथे चौकोन. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेले. हे दुरुस्त करणारे मुद्रितशोधक फार अनुभवी होते, त्यांनी एक चौकोन शिल्लक ठेवला नाही. पण त्याच ओघात त्यांनी निवेदनातलं ‘मशीन’ सगळीकडे ‘टंकलेखनयंत्र’ केलं, आणि भाचीच्या तोंडचं ‘केलं, गेलं’ बदलून ‘केले, गेले’. दुसऱ्या बदलासाठी मी मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम काढून बसले. १९६२ साली शासनानं मान्य केलेले चौदा आणि १९७२मध्ये भर पडून झालेले अठरा. बोलण्यातलं ‘असं, केलं’ असं अनुस्वार देऊन लिहायला त्यात मुभा आहे. आणि ही सगळी कादंबरीच भाचीचं बोलणं आहे. ते मान्य झालं. ‘मशीन’साठी नियमाचा आधार नव्हता. मी एवढंच म्हणाले, की क्लासातली एकही मुलगी आयुष्यात ‘टंकलेखनयंत्र’ म्हणालेली नाही, त्या म्हणायच्या ‘माझी मशीन आज अडकतेय’. १०६ ठिकाणी शब्द परत आला. कार्यालयानं मावशीला पाठवलेल्या पत्रात मात्र ‘टंकलेखनयंत्र’ आणि ‘केले’ तसंच ठेवलं, ते तिथलंच आहे.

शेवटचं मुद्रित आम्ही दोघींनी समोरासमोर बसून मेळवलं. मी संहितेतून मोठ्यानं वाचत होते, स्वल्पविरामासकट, आणि ताई मुद्रितावर बोट ठेवून बघत होत्या. दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी पान ११८ आलं, जुन्या १४०चं नवं रूप. मी वाचत गेले. ‘मावशीनं ड्रॉवर ओढला, पूर्णविराम. पाकीट काढलं, पूर्णविराम. पैसे मोजले आणि बाजूला ठेवले, पूर्णविराम.’

इथे मी थांबले. चार फेऱ्यांत ते वाक्य ताईंच्या नजरेखालून गेलं होतं, त्यांनी त्यावर काही खूण केली नव्हती. व्याकरणाची चूक नव्हती, अर्थही लागत होता. “‘बाजूला ठेवले’ नको,” मी म्हणाले. “‘घेतले’ करायचंय.”

या टप्प्यावर शब्द बदलला की ओळ सरकते, ओळ सरकली की पान सरकू शकतं, आणि ताई त्याबाबत कडक होत्या. त्यांनी मुद्रित स्वतःकडे ओढलं, ओळ किती लांब आहे ते पाहिलं. परिच्छेद पुढच्या ओळीत संपत होता, जागा होती. त्यांनी ‘बाजूला ठेवले’वर रेघ ओढली, समासात ‘घेतले’ लिहिलं आणि कागद परत दोघींच्या मध्ये ठेवला.

“पुढे वाचा,” त्या म्हणाल्या.